आभासी जगात ग्रंथालय आणि वर्ग कसा चालवावा: पहिल्या विचारापासून शेवटच्या बॅकअपपर्यंत

एका विद्यापीठाने आभासी जगात आपल्या आवाराची प्रतिकृती उभारली होती. ती पाहायला मी एकदा गेले. घड्याळाचा मनोरा, दगडी पायऱ्या, वाचनकक्षातली लांब मेजं, छताला टांगलेले दिवे, सगळं जिथल्या तिथे होतं. कपाटांत पुस्तकांचे कणे रंगवलेले होते, पण एकही पुस्तक उघडत नव्हतं. फलकावर एका व्याख्यानाची सूचना होती, तीन वर्षांपूर्वीची. अर्धा तास फिरले, एक माणूस भेटला नाही. कुणीतरी रात्री जागून ते बांधलं होतं, हे कोपऱ्याकोपऱ्यात दिसत होतं. म्हणूनच फार वाईट वाटलं.

पुढे मी ग्रंथालयाकडून आणि वर्गाकडून अशी बरीच कामं केली. प्रत्येक वेळी तेच पटत गेलं: आभासी जगातल्या ग्रंथालयाला आधी माणूस लागतो, इमारत नंतर. खालचं सगळं मार्गदर्शन याच क्रमाने लिहिलं आहे.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ

आभासी जग म्हणजे अशी संगणकीय जागा जिथे अनेक माणसं एकाच वेळी अवतार, म्हणजे पडद्यावरची आपली आकृती, घेऊन हजर असतात, एकमेकांना दिसतात, बोलतात, वस्तू हलवतात, आणि सगळे निघून गेल्यावरही ती जागा तशीच राहते. ही शेवटची अट महत्त्वाची. व्हिडिओ कॉल संपला की खोली नाहीशी होते. इथे आज मांडलेलं प्रदर्शन उद्याही असतं. डोळ्यांवर चढवायचा हेडसेट मात्र सक्तीचा नाही. यातली बरीचशी जगं साध्या पडद्यावर, कीबोर्ड आणि माऊसने चालतात. सुरुवात तशीच करावी असं माझं ठाम मत आहे.

ही कल्पना जुनी आहे. ॲक्टिव्ह वर्ल्ड्स १९९५ मध्ये आलं, सेकंड लाइफ २००३ मध्ये. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या अलायन्स लायब्ररी सिस्टिम या ग्रंथालयांच्या संघाने २००६ मध्ये सेकंड लाइफमध्ये इन्फो आयलंड सुरू केलं. तिथल्या संदर्भसेवेच्या टेबलावर खरेखुरे ग्रंथपाल स्वयंसेवक म्हणून पाळीपाळीने बसत. त्याच वर्षी हार्वर्डच्या विधी विद्यालयात चार्ल्स नेसन आणि त्यांची मुलगी रेबेका नेसन यांनी एका अभ्यासक्रमाचा काही भाग सेकंड लाइफमध्ये घेतला. पुढची दोन-तीन वर्षं विद्यापीठांची रांग लागली, आणि नंतर ती ओसरली. ओसरण्याची कारणं आपल्या उपयोगाची आहेत, ती जागा निवडताना येतीलच.

पायरी १: काम ठरवा, आणि ते खरंच इथलं आहे का ते तपासा

मी एकच प्रश्न विचारते: हे काम व्हिडिओ कॉलवर किंवा साध्या संकेतस्थळावर तितकंच चांगलं होईल का? होत असेल तर तिथेच करावं. सूचीत पुस्तक शोधणं, पीडीएफ वाचणं, स्लाइड दाखवत तासभर बोलणं, यातलं काहीही आभासी जगात नेलं तर ते फक्त अवघड होतं.

मग इथलं काम कोणतं? ज्यात जागा, आकारमान किंवा हालचाल हाच धड्याचा भाग आहे असं. अमेरिकेतल्या वासर कॉलेजने २००७ मध्ये सेकंड लाइफमध्ये व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपल या प्रार्थनागृहाची प्रतिकृती उभारली होती. प्रत्यक्षात त्या छताखाली मान वर करून उभं राहावं लागतं. इथे विद्यार्थी उडत छतापर्यंत जाऊन मायकेलअँजेलोची चित्रं जवळून पाहू शकत होते. टेक्सस वेस्लियन विद्यापीठातल्या मेरी ॲन क्लार्क यांचं जिनोम आयलंडही असंच. तिथे विद्यार्थी मेंडेलच्या मठातल्या बागेत जाऊन वाटाण्याचे संकर स्वतः करून पाहतात आणि येणाऱ्या पिढीतली प्रमाणं मोजतात. खऱ्या बागेत यासाठी एक हंगाम लागतो.

दुसरा प्रकार भूमिका वठवण्याचा. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संदर्भ-मुलाखतीचा सराव द्यायचा असेल, म्हणजे वाचकाला नेमकं काय हवंय हे प्रश्न विचारत काढून घ्यायचं असेल, तर अवतार फार उपयोगी पडतो. समोरचा आपला वर्गमित्र आहे हे ठाऊक असूनही मुलं गंभीरपणे बोलतात. भाषाशिक्षण, परिचारिकांचं संवाद-प्रशिक्षण, प्रयोगशाळेतल्या अपघाताची रंगीत तालीम, हे याच जातीचं.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जवळचा: दूरदूर विखुरलेल्या माणसांचा वाचनगट. व्हिडिओ कॉलवर एक बोलतो आणि बाकीचे चौकटीत बसून राहतात. आभासी जगात गट संपल्यावर दोघं-तिघं कोपऱ्यात उभे राहून आणखी वीस मिनिटं बोलत राहतात. त्या वीस मिनिटांसाठीच हा खटाटोप करावासा वाटतो.

कामाचं वर्णन दोन वाक्यांत लिहून काढा. कोण येणार, किती जण, काय करणार, आणि जाताना त्यांच्याजवळ काय असणार. दोन वाक्यांत मावत नसेल तर अजून बांधकामाला हात लावू नका.

पायरी २: जागा निवडा

ढोबळमानाने चार पर्याय समोर असतात.

पहिला, कंपनीने चालवलेलं मोठं जग. सेकंड लाइफ आजही चालू आहे आणि तिथे कम्युनिटी व्हर्च्युअल लायब्ररीसारखे ग्रंथपालांचे गटही आहेत. तयार वस्तूंचा बाजार मोठा, आवाजाची सोय उत्तम. पण जमीन भाड्याची, नियम कंपनीचे. २०१० मध्ये लिंडन लॅबने, म्हणजे सेकंड लाइफच्या कंपनीने, शिक्षणसंस्थांची ५० टक्के सवलत बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि अनेक विद्यापीठांना गाशा गुंडाळावा लागला. २०१३ मध्ये सवलत परत आली, तोवर पुष्कळ जण निघून गेले होते.

दुसरा, स्वतःच्या सर्व्हरवरचं जग. ओपनसिम्युलेटर (थोडक्यात ओपनसिम) हे मुक्त सॉफ्टवेअर २००७ पासून आहे. सेकंड लाइफसाठी बनलेल्या फायरस्टॉर्मसारख्या व्ह्यूअरनेच, म्हणजे जग पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रामनेच, त्यात जाता येतं. स्टँडअलोन पद्धतीने बसवलं तर एका साध्या संगणकावर चालतं, वर्गापुरतं तेवढं पुरतं. हायपरग्रिड चालू केलं तर आपल्या जगातून दुसऱ्या संस्थेच्या जगात थेट जाता येतं. आवाजाची सोय मात्र वेगळी जोडावी लागते, आणि सर्व्हर सांभाळणारं माणूस हवंच.

तिसरा, ब्राउझरमध्ये उघडणारं जग. लिंक दिली की माणूस आत. पाहुण्यांसाठी आणि एखाद्या दिवसाच्या प्रदर्शनासाठी याला तोड नाही. मोझिलाचं हब्ज याच प्रकारातलं. मोझिलाने आपली सेवा ३१ मे २०२४ रोजी बंद केली, पण त्याचा कोड मुक्त असल्यामुळे ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. वरून पाहायच्या नकाशासारखी द्विमितीय जगंही याच गटात येतात. वर्कॲडव्हेंचर त्यातलं एक. साध्या भेटीगाठींसाठी ती पुरेशी असतात आणि जुन्या यंत्रांवर कुरकुरत नाहीत.

चौथा, ठोकळ्यांची जगं: माइनक्राफ्टची शैक्षणिक आवृत्ती, किंवा मुक्त सॉफ्टवेअर हवं असेल तर लुआंटी, जे २०२४ पर्यंत माइनटेस्ट या नावाने ओळखलं जायचं. मुलांना हे आधीच येत असतं, हा या जगांचा सर्वात मोठा गुण. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संघटनेने १२ मार्च २०२० रोजी माइनक्राफ्टमध्ये एक भव्य ग्रंथालय खुलं केलं. ज्या देशांत पत्रकारांच्या लेखनावर बंदी आहे तिथले लेख त्यात पुस्तकरूपाने ठेवले आहेत. संकेतस्थळ अडवता येतं, पण खेळ चालू असतो, या फटीचा त्यांनी उपयोग केला. आभासी ग्रंथालय नेमक्या कारणासाठी उभारलं तर काय होऊ शकतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तिथली पुस्तकं उघडतात.

निवड करताना वैशिष्ट्यांचे तक्ते बाजूला ठेवा आणि चार गोष्टी स्वतः करून पाहा. तुमच्या वाचनकक्षातल्या सर्वात जुन्या संगणकावर ते जग उघडा. एक वस्तू बनवून ती बाहेर काढून दाखवा. वयाची अट वाचा, कारण बऱ्याच जगांत अठराखालच्यांना काही भागांत बंदी असते. आणि चॅटमध्ये ‘विद्यार्थ्यांच्या प्रश्नांची उत्तरं’ असं देवनागरीत टाइप करा. वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं नीट उमटली नाहीत तर फलकांवरचा सगळा मजकूर चित्र म्हणून चढवावा लागेल, चॅटचा आधार घेता येणार नाही. हे पहिल्या दिवशी कळलेलं बरं.

पायरी ३: खातं, मालकी, परवानग्या

इथे कुणाचं लक्ष जात नाही, आणि घोळ इथेच होतो.

आमच्या एका प्रदर्शनात बारा माहितीफलक होते. बनवले एका हुशार विद्यार्थ्याने, स्वतःच्या खात्यातून. तो पदवी घेऊन गेला. वर्षभराने एका फलकावरची तारीख चुकीची असल्याचं लक्षात आलं, म्हणून मी त्यावर क्लिक केलं, तर बदल करण्याचा पर्यायच करडा. सेकंड लाइफ आणि ओपनसिममध्ये प्रत्येक वस्तूला तीन परवानग्या असतात: प्रत काढणं, बदल करणं, दुसऱ्याला देणं. त्याने त्या दिल्या नव्हत्या, आम्ही मागितल्या नव्हत्या. एका आकड्यासाठी बाराच्या बारा फलक पुन्हा केले.

तेव्हापासून आमचा नियम असा: जमीन आणि इमारत संस्थेच्या खात्यावर. त्या खात्याचा ई-मेल कुणाच्या नावाचा नसून विभागाचा. बनवलेली प्रत्येक वस्तू तिन्ही परवानग्यांसह त्या खात्याला त्याच दिवशी सुपूर्द. मूळ चित्रं आणि मॉडेल बाहेर, संस्थेच्या साठवणीत, कुणी बनवलं आणि कोणत्या परवान्याखाली हे लिहिलेल्या यादीसह.

संगणक विभागाला याच टप्प्यावर बोलवा. सेकंड लाइफसारखी जगं यूडीपी या नेटवर्कच्या पद्धतीने बरीच माहिती पाठवतात आणि विद्यापीठांचे फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची राखण करणाऱ्या यंत्रणा, ती सर्रास अडवतात. त्यामुळे घरी सुरळीत चालणारं जग वर्गात लॉग-इनच्या पडद्यावर अडकून राहतं. कोणते पोर्ट (नेटवर्कच्या वाटा) उघडायचे ते त्या जगाच्या माहितीपानावर दिलेलं असतं. ते लिहून द्या, आणि अर्ज करण्याआधी त्यांच्यापैकी एकाला अर्धा तास आत फिरवून आणा. ज्याने एकदा आत पाऊल ठेवलं तो माणूस पुढे अडवत नाही.

पायरी ४: कमीत कमी बांधा

पहिल्या सत्रासाठी तीनच जागा पुरतात: उतरण्याचं ठिकाण, बसून बोलायची जागा, आणि ज्यासाठी सगळे आले ती वस्तू. सेकंड लाइफमधला एक प्रदेश २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. तो भरायचा मोह आवरा. नवखा माणूस त्यात हरवतो.

खऱ्या इमारतीचं माप इथे चालत नाही. आपल्याला अवतार दिसतो तो मागून, थोडं वरून, म्हणजे कॅमेरा डोक्याच्या मागे तरंगत असतो. नेहमीच्या उंचीचं छत असेल तर कॅमेरा छताच्या वर जातो आणि पडद्यावर नुसती कौलं दिसतात. छत दुप्पट उंच ठेवा, नाहीतर ठेवूच नका, इथे पाऊस नाही. दारं रुंद करा, किंबहुना दारांऐवजी मोकळ्या कमानी ठेवा. गोल जिना कधीही नको. उतार करा.

उतरण्याच्या ठिकाणी माणूस ज्या दिशेला तोंड करून उतरतो त्याच दिशेला, दहा पावलांवर, मोठ्या अक्षरांत एकच फलक असू द्या: कुठे आलात, कार्यक्रम कुठे, मदत कुणाला मागायची. चित्रांचा आकार शक्य तिथे ५१२ पिक्सेलच्या चौरसात बसवा. मोठी चित्रं हळू उतरतात आणि लोक करड्या चौकोनांकडे पाहत उभे राहतात.

आणि पुस्तकांची कपाटं? मी ती ठेवत नाही. त्या जागी एक टेबल, त्यावर क्लिक केलं की ग्रंथालयाची सूची ब्राउझरमध्ये उघडेल अशी लिंक, आणि वेळापत्रक. वाचन ब्राउझरमध्येच चांगलं होतं.

वस्तू मात्र जीव ओतून मांडा. आम्ही संग्रहातलं एकच हस्तलिखित पत्र घेतलं, त्याचं स्कॅन दोन पुरुष उंचीचं केलं आणि मोकळ्या मैदानात उभं केलं. पत्रात एक शब्द खोडून वर दुसरा लिहिलेला होता. चार विद्यार्थी त्या खोडलेल्या शब्दासमोर जाऊन उभे राहिले. एक म्हणाला ‘हे आधीचं अक्षर ‘क’ आहे,’ दुसरीने कॅमेरा जवळ नेला आणि म्हणाली, ‘मॅडम, नाही, शाई इथे दोनदा फिरलीय.’ पाऊण तास तेच चाललं. तेच पत्र पडद्यावर सगळ्यांना आधी दाखवलं होतं, तेव्हा कुणाला काही सुचलं नव्हतं. शब्द माणसाच्या उंचीचा झाला आणि बोट ठेवून दाखवायला शेजारी कुणीतरी होतं, एवढाच काय तो फरक.

पायरी ५: पहिला अर्धा तास

या एका पायरीवर मी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ घालवते. आभासी जगातला बहुतेक वर्ग फसतो तो इथे. विद्यार्थी कार्यक्रमाच्या वेळी पहिल्यांदा लॉग-इन करतो, भिंतीत जाऊन अडकतो, त्याच्या माईकमधून सगळ्यांना आपलाच आवाज परत ऐकू येतो, आणि दहा मिनिटांत तो निघून जातो. तो परत येत नाही.

म्हणून ओळखसत्र वेगळ्या दिवशी ठेवा, मुख्य कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी, एका वेळी सहा-सात जण. खातं आणि व्ह्यूअर त्याहीआधी घरी तयार करून यायला सांगा. सत्रात क्रम हा: आधी चॅटमध्ये स्वतःचं नाव टाइप करणं, कारण आवाज बिघडला तरी माणूस हरवायला नको. मग चालणं, वळणं, थांबणं. मग कॅमेरा वेगळा फिरवणं, म्हणजे अवतार जागेवर ठेवून वस्तू जवळून पाहणं. हे जमलं की अर्धी लढाई जिंकली, पण बरेच शिकवणारे हे सांगतच नाहीत. मग खुर्चीवर बसणं आणि उठणं. शेवटी माईक, एकेकाचा, हेडफोन लावूनच. हेडफोन नसेल त्याने माईक बंद ठेवावा, यावर तडजोड नको.

कपडे, केस, चेहरा बदलण्यात लोक रमतात. रमू द्या, पण शेवटची दहा मिनिटं. सुरुवातीला तो पडदा उघडला की अर्धा तास गेलाच समजा.

पडदा अडखळत असेल तर ग्राफिक्स सर्वात खालच्या पातळीवर आणि किती अंतरापर्यंतचं दिसावं तो आकडा ६४ मीटरवर आणा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. प्रत्येक नवख्याला एक जोडीदार द्या, शक्यतो दुसरा विद्यार्थीच. शिक्षकाला ‘मला खाली बसलेलं उठता येत नाहीये’ असं विचारायला लोक लाजतात, मित्राला विचारतात.

पायरी ६: सत्र चालवणं

दोन माणसं हवीत. एक बोलणार. दुसरा बोलणार नाही, तो फक्त खासगी निरोपांकडे, उशिरा आलेल्यांकडे आणि वाट चुकलेल्यांना टेलिपोर्ट, म्हणजे एका क्लिकवर थेट आपल्याजवळ आणणारं आमंत्रण, पाठवण्याकडे पाहणार. एकट्याने दोन्ही करायला गेलं की दोन्ही बिघडतं.

मांडणी साधारण एका तासाची ठेवा. दहा मिनिटं जमणं आणि आवाज तपासणं, पाच मिनिटं काम समजावणं, तीस मिनिटं विद्यार्थी गटागटाने प्रत्यक्ष हालचाल करणार, उरलेला वेळ एकत्र बोलणं. तासाहून जास्त नको. हेडसेट लावलेल्यांना तर वीस मिनिटांनी विश्रांती द्याच, काहींना मळमळतं.

मुख्य सूचना आधीच टाइप करून ठेवा आणि बोलता बोलता चॅटमध्ये चिकटवत जा. ज्यांचा आवाज तुटतो, ज्यांना ऐकू कमी येतं, वर्गाची भाषा ज्यांची पहिली भाषा नाही, अशा सगळ्यांना त्याचा आधार होतो.

गर्दीला मर्यादा असते. सेकंड लाइफच्या पूर्ण प्रदेशात शंभरच्या आसपास अवतार मावतात, पण तीस-चाळीस झाले की हालचाल जड होते. मोठं व्याख्यान ठेवायचंच असेल तर जुनी युक्ती अशी: चार प्रदेश जिथे एकमेकांना भिडतात त्या कोपऱ्यावर व्यासपीठ ठेवायचं, श्रोते चारही बाजूंना बसतात आणि भार चार ठिकाणी वाटला जातो.

ग्रंथालयाच्या टेबलाचं वेगळं. तिथे रोज कुणीतरी बसावं ही अपेक्षा ठेवलीत तर महिनाभरात सगळे थकतील. आठवड्यातले दोन तास पक्के करा, फलकावर लिहा, आणि कुणी आलं नाही तरी ते दोन तास बसा. इन्फो आयलंडवर स्वयंसेवक पाळ्या लावून बसत, तो धडा अजून जुना झालेला नाही. येणारे बहुतेक जण आधी पुस्तकाबद्दल विचारत नाहीत. ‘इथे काय काय आहे?’, ‘मी हे कसं काढू?’ असं विचारतात. त्यांना नीट उत्तर दिलंत की तिसऱ्या भेटीत खरा प्रश्न येतो.

सुरक्षितता, आणि कुणी बाहेर राहू नये याची काळजी

जागा सुरुवातीला निमंत्रितांपुरतीच ठेवा. बाहेरच्यांना वस्तू बनवण्याची आणि स्क्रिप्ट (वस्तूंकडून काम करून घेणारा छोटा कोड) चालवण्याची परवानगी बंद ठेवा. गोंधळ घालायला येणारे याच दोन वाटांनी येतात. हुसकावण्याचा आणि बंदी घालण्याचा अधिकार मदतनिसालाही द्या आणि तो कसा वापरायचा याचा एकदा सराव करून घ्या. प्रत्यक्ष प्रसंगात मेनू शोधत बसायला वेळ नसतो. एखाद्या विद्यार्थिनीच्या अवताराला कुणी त्रास दिला तर तो खराच त्रास आहे. वर्गात घडलं असतं तर जे केलं असतं तेच करा.

खऱ्या नावाची सक्ती करू नका. शिक्षकाकडे अवतार आणि विद्यार्थी यांची खासगी यादी असली म्हणजे झालं. संभाषण नोंदवणार असाल तर आधी सांगा आणि नकार स्वीकारा. ज्याला दिसत नाही, हात चालत नाहीत, किंवा ज्याच्याकडे तसा संगणकच नाही, त्याला तेवढ्याच गुणांचा दुसरा मार्ग पहिल्या दिवशीच लेखी द्या. आणि हेही लक्षात असू द्या की अपंग व्यक्तींनी आभासी जगं फार मनापासून आपलीशी केली आहेत. सेकंड लाइफमधली व्हर्च्युअल ॲबिलिटी ही संस्था कित्येक वर्षं हेच काम करते आहे, आणि तिचं नवख्यांसाठीचं ओळखीचं बेट पाहून मी माझं ओळखसत्र बरंच सुधारलं.

स्वामित्वहक्काबाबत (कॉपीराइट) थोडक्यात: ग्रंथालयाने विकत घेतलेली ई-पुस्तकं आणि नियतकालिकं आभासी भिंतीवर लावण्याचा हक्क त्या करारात सहसा नसतो. लिंक द्या. प्रदर्शनासाठी स्वामित्वमुक्त किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं साहित्य वापरा आणि श्रेय त्याच फलकावर लिहा.

पायरी ७: चालतंय की नाही हे कसं ओळखायचं

किती जण आले हा आकडा मी जवळजवळ पाहतच नाही. पहिल्या दिवशी कुतूहलाने सगळेच येतात. दुसऱ्यांदा स्वतःहून कोण आलं, सत्र संपल्यावर किती जण किती वेळ रेंगाळले, आणि त्यांनी आत जे केलं ते पुढच्या निबंधात किंवा चर्चेत दिसलं का, हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवते. एक सत्रार्ध पूर्ण झालं की तेवढ्यावर निर्णय घ्या. चालत नसेल तर बंद करा. जागा ओस पडू देऊ नका, फलक शिळे होऊ देऊ नका.

पायरी ८: निघण्याची तयारी पहिल्या आठवड्यात

गूगलचं लाइव्हली जुलै २००८ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षअखेरीस बंद पडलं. मायक्रोसॉफ्टने ऑल्टस्पेसव्हीआर १० मार्च २०२३ रोजी बंद केलं. हब्जचं वर आलंच. ग्रंथपालांना वस्तू जपणं शिकवावं लागत नाही, पण इथे आपण सगळेच विसरतो, कारण आपलं बांधकाम दुसऱ्याच्या यंत्रावर असतं.

२००८ ते २०१० या काळात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पाठबळाने इलिनॉय, स्टॅनफर्ड, मेरीलँड ही विद्यापीठं, रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि लिंडन लॅब यांनी आभासी जगांच्या जतनाचा मोठा प्रकल्प हाती घेतला. जमीन आणि वस्तू जपणं सर्वांत सोपं, पण बनवणाऱ्यांच्या परवानग्या नसतील तर तेही अडतं. आणि सगळं जपलं तरी तिथे माणसं काय करत होती हे जपलं जात नाही. म्हणून फाइलींबरोबर एक चित्रफीतही ठेवा: भरलेल्या सत्राची, सगळ्यांच्या संमतीने, दहा मिनिटांची. पुढे कुणाला काही समजलं तर त्या फितीवरूनच समजेल.

ओपनसिम असेल तर काम सोपं. सर्व्हरच्या कन्सोलवरून संपूर्ण प्रदेशाची ओएआर फाइल काढता येते. जमिनीचे चढउतार, वस्तू, चित्रं, स्क्रिप्ट सगळं तिच्यात येतं. स्वतःच्या इन्व्हेंटरीसाठी, म्हणजे खात्यातल्या वस्तूंच्या साठ्यासाठी, वेगळी आयएआर फाइल. दोन्ही दर महिन्याला काढा, एक प्रत सर्व्हरच्या बाहेर ठेवा. सेकंड लाइफमधून असं सगळं एकदम उचलता येत नाही. फायरस्टॉर्ममधून वस्तू बाहेर काढता येते ती मुख्यतः आपण स्वतः बनवलेली. बाजारातून घेतलेलं तिथेच राहणार असं धरून चाला आणि महत्त्वाचा फलक विकतच्या चौकटीत बसवू नका.

काढलेली फाइल उघडते का हे पाहिल्याशिवाय तिला बॅकअप म्हणू नका. दुसऱ्या संगणकावर कोरं ओपनसिम बसवा, ओएआर चढवा, आत जा आणि उतरण्याच्या ठिकाणापासून पत्रापर्यंत चालत जाऊन पाहा. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा जमीन आली, कमानी आल्या, टेबलही आलं, पण पत्राच्या जागी पांढरा फलक उभा होता. चित्राची मूळ प्रत चढवताना आम्ही ती वेगळ्या खात्यावर ठेवली होती. त्याच संध्याकाळी ती योग्य खात्यावरून पुन्हा चढवली, नवी ओएआर काढली आणि पुन्हा पहिल्या पावलापासून चालत गेले. या वेळी खोडलेला शब्द जागेवर होता.